हँडलचा कोनसेट घरी तपासणे आणि सेट करणे : कोणी केलंय का?

घाटउतार

मंडळी, गाडी १५० सीसी, पुढे डिस्क, रीडिंग पन्नास हजारांच्या आसपास. रोज पुण्याहून शिरवळ आणि परत. हायवे, सर्व्हिस रोड, अर्धवट खोदकामं, सगळा प्रसाद मिळतो.

सध्या दोन त्रास आहेत. पुढचा ब्रेक दाबून गाडी थांबत आली की टाकीच्या पुढून कुठूनतरी 'टक्' असा आवाज येतो. आणि ट्रॅफिकमध्ये अगदी हळू चालताना गाडी सरळ धरून ठेवायला हँडल सारखं इकडे-तिकडे सावरावं लागतं. वेगात असताना काही जाणवत नाही.

एका गॅरेजवाल्याने हँडल हलवून न बघताच 'कोनसेट गेला, बदलू' म्हणून सांगितलं (कोनसेट म्हणजे फ्रेमच्या नळीत हँडल ज्यांवर फिरतं ती वरची-खालची गोळ्यांची बेअरिंग). दुसरा म्हणाला 'काही गेलंबिलं नाही, टाइट करून देतो', आणि छिन्नी-हातोडी घेऊन आला. मी गाडी तशीच बाहेर काढली.

माझ्याकडे पान्यांचा बरा सेट आहे, गाडीला डबल स्टँड आहे, टॉर्क रेंच मित्राकडून मिळेल. प्रश्न असा, की कोनसेट खरंच गेलाय की नुसता ढिला झालाय हे घरी कसं ओळखायचं? आणि ढिला असेल तर स्वतः सेट करण्यात काही धोका आहे का?

मंद्या_कोथरूड

छिन्नी-हातोडीवाल्याला एवढं कमी लेखू नका. आमच्या गल्लीतला एकजण त्याच दोन हत्यारांवर मोटरसायकल, सायकल आणि मिक्सर दुरुस्त करतो. (मिक्सर परत बंद पडला, ती गोष्ट वेगळी.)

रेवा_नि

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याही गाडीचं हँडल सरळ रेषेत आलं की किंचित अडकतं. उत्तरांची वाट बघतेय.

जुना_फिटर

घाटउतार, तुमच्या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत, म्हणून आधी नीट तपासा. ब्रेकला 'टक्' म्हणजे बहुधा ढिलेपणा. हळू चालताना गाडी डगमगणं म्हणजे एकतर हँडल फार आवळलंय, किंवा मधोमध खाच पडलीय. दोन्ही एकाच गाडीत असू शकतं, आणि तसं असेल तर नुसतं आवळून काही होत नाही.

तपासायचं असं. डबल स्टँडवर लावा. इंजिनाखाली लाकडी ठोकळा आणि जॅक देऊन पुढचं चाक जमिनीवरून उचला. सायलेन्सरच्या पाइपला जॅक लावू नका, इंजिनाच्या खालच्या मजबूत भागाला लावा. मागे कुणालातरी गाडी धरून उभं करा.

आता पुढे बसून दोन्ही शॉकअपचे खालचे भाग, चाकाच्या अॅक्सलजवळ, दोन्ही हातांनी धरा आणि पुढे-मागे ढकला. दुसऱ्या माणसाला एक बोट वरच्या टी-प्लेट (दोन्ही शॉकअपना वर जोडणारी पट्टी) आणि फ्रेमच्या नळीच्या मधल्या फटीवर ठेवायला सांगा. ढिलेपणा असेल तर त्या बोटाला आधी कळतं, तुमच्या हाताला नंतर.

चाक धरून हलवू नका. चाकाचं बेअरिंग सैल असेल तर तोही खेळ हातात येईल आणि तुम्ही विनाकारण कोनसेट उघडून बसाल. ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे करण्याची सगळ्यांची आवडती चाचणीही तशीच. तिच्यात डिस्कचे पॅड कॅलिपरमध्ये सरकल्याचा आवाज येतो, शॉकअपच्या बुशचा (आतल्या सरकत्या कड्याचा) खेळ येतो, सगळं एकत्र. त्यातून कोनसेट वेगळा काढता येत नाही.

बुश वेगळा ओळखायचा तर एक हात शॉकअपची वरची चकचकीत नळी जिथे खालच्या नळीत शिरते तिथल्या धूळरबरावर ठेवा. हालचाल तिथे जाणवली तर भानगड शॉकअपची आहे.

नंतर खाच. हँडल एका बोटाने, अगदी सावकाश, डावीकडून उजवीकडे न्या. मध्यावर आलं की 'घरात बसल्यासारखं' थांबतं का बघा. थांबत असेल तर वाटीत, म्हणजे गोळ्या जिच्यात फिरतात त्या कड्यात, गोळ्यांचे खड्डे पडलेत. तो सेट संपला. कितीही ग्रीस भरा, कितीही आवळा.

घाटउतार

अरे वा, एवढं सविस्तर! धन्यवाद काका. एक शंका, खाच बरोब्बर मध्यावरच का पडते?

जुना_फिटर

कारण दिवसभर गाडी सरळच चालते. हँडल पूर्ण वळतं ते गल्लीत आणि पार्किंगमध्ये. हायवेवर ते दोन-तीन अंशांच्या पलीकडे जात नाही. म्हणजे गोळ्या तासन् तास त्याच जागी उभ्या असतात, आणि खालून प्रत्येक खड्ड्याचा दणका तिथेच बसतो. त्यात त्या जागीच थरथरतात. मधलं ग्रीस बाजूला सरतं, लोखंडावर लोखंड घासतं, तांबूस भुकटी तयार होते आणि हळूहळू गोळीच्या आकाराचा खळगा पडतो. खालच्या वाटीत जास्त, कारण पुढच्या चाकाचा भार खालचीच वाटी घेते.

कोनसेट ढिला ठेवून चालवला तर गोळ्या आपटतात आणि हे लवकर होतं. उलट फार आवळला तरी गोळ्या वाटीत रुततात आणि हेच होतं.

कोल्हापुरी_लेथ

जुना_फिटर यांना +१००.

आमचं वर्कशॉप उद्यमनगरात. दुचाकीचं काम आमच्याकडे नसतं, पण गॅरेजवाले अडकलेली वाटी काढायला स्टेम (फ्रेमच्या नळीत फिरणारा हँडलचा दांडा) घेऊन येतात. आलेल्या जुन्या वाट्या बघितल्या तर पुढच्या आणि मागच्या बाजूला ओळीने खळगे, आणि आडव्या बाजूंना जवळजवळ कोरी चकाकी. कुणाला पटत नसेल तर जुनी वाटी पुसून उन्हात तिरकी धरा, नखाने चाचपा. नख अडकतं.

आबा_दहिवडी

आमच्याकडे पूर्वी राजदूतवर दूध घालायचे. मागे दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले, वर एक मधे. मागचं ओझं इतकं, की पुढचं चाक जमिनीला नुसतं टेकलेलं. रिकामी गाडी परत येताना हँडल असं फडफडायचं, की बघणाऱ्याला वाटावं माणूस पडतोय. तर आमचा मिस्त्री काय करायचा, वाटी ठोकून बाहेर काढायचा आणि थोडी फिरवून परत बसवायचा. खळगे जागेवरून सरकले, की गाडी पुन्हा लोण्यासारखी. नवीन सेटचे पैसे वाचले.

जुना_फिटर

आबा, तो जुगाड मीही केलेला आहे आणि चालतो हेही खरं. पण खळगे सरकतात, जात नाहीत. आता गोळ्या वळताना त्यांच्यावरून जातात, म्हणजे खाच मध्यावर नसून वळणावर लागते. दुधाच्या फेऱ्यांच्या वेगाला ठीक होतं. आज हायवेवर ऐंशीने चालणाऱ्या गाडीला मी करणार नाही. साध्या गोळ्यांचा सेट काही फार महाग येत नाही.

आबा_दहिवडी

बरोबर आहे. तेव्हा सेट तालुक्याला मिळायचा नाही, सातारा गाठावा लागायचा. म्हणून ते.

ड्यूसलडॉर्फचा_दादा

इकडची गंमत सांगतो. जर्मनीत मोटरसायकलला दर दोन वर्षांनी तपासणी असते आणि तपासणारा माणूस पुढचं चाक उचलून हँडल फिरवून बघतोच. मध्यावर खाच लागली, तर शेरा मारून परत पाठवतो. दुरुस्त करून पुन्हा या. इंग्लंडमधला माझा मित्र म्हणतो, तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी.

आपल्याकडे खाजगी दुचाकीला पीयूसी सोडलं तर पंधरा वर्षं कुणी काही विचारत नाही. धूर मोजतात, हँडल नाही.

मंद्या_कोथरूड

दादा, आमच्याकडे तपासणी रोज होते. रस्ता करतो.

विनू७७

अवांतर होईल, पण खरा गुन्हेगार गतिरोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे, आयआरसी ९९. गोलाकार उंचवटा, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, म्हणजे साधारण २५ किमी वेगाने सुखाने पार व्हावा असा. आमच्या सोसायटीसमोर लोकांनी वर्गणी काढून जो बांधलाय, तो जेमतेम वीतभर रुंद आणि उंची तेवढीच. त्याच्यावरून २५ ने गेलं तर हँडलच काय, कवळीचं बेअरिंगही जाईल.

रेवा_नि

विनू, तो तर गतिरोधक नाही, कुंपण आहे.

आणि त्याच्यावर चढताना लोक ब्रेक दाबलेलाच ठेवतात, तिथे जास्त मार बसतो. शॉकअप ब्रेकने आधीच दबलेले असतात, उरलेला दणका सरळ कोनसेटवर. ब्रेक आधी मारा, चढताना सोडा.

शंतनू_बी

विरोधी मत नोंदवतो. घरी हे काम कशाला? हँडल हा सुरक्षिततेचा भाग आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरला तासाभराचं काम. पाचशे रुपये वाचवायला टी-प्लेट उघडायची, मग काहीतरी ढिलं राहिलं, की हॉस्पिटलचं बिल कोण भरणार? मी स्वतः इंजिनिअर आहे, तरी ब्रेक आणि हँडलला हात लावत नाही.

कोल्हापुरी_लेथ

शंतनूसाहेब, काळजी रास्त आहे. पण 'अधिकृत' माणसानेही तपासलंच असं नसतं. सर्व्हिसच्या यादीत 'स्टिअरिंग तपासणे' असतं आणि त्यापुढे टिक असते. गाडी उचलून तपासलं का, ते विचारा. घरी तपासायला काही उघडावं लागत नाही. निदान तेवढं तरी प्रत्येकाने करावं.

शंतनू_बी

तपासण्याला विरोध नाही. छिन्नीला आहे.

जुना_फिटर

छिन्नीच्या विरोधात आपण सगळे एक आहोत. :)

छिन्नी का नको ते सांगतो. टी-प्लेटच्या खाली खाचांची गोल नट असते. छिन्नीने तिच्या खाचा फुटतात, हा छोटा तोटा. मोठा तोटा असा, की ठोकून फिरवताना किती जोर लागला हे हाताला कळतच नाही. खरं काम पाव फेऱ्याच्याही आत असतं. त्यासाठी हूक पाना घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, नाना पेठेत तर हमखास. नसेल तर जुन्या पाइपच्या टोकाला दात कापून लेथवाल्याकडून करून घ्या.

घाटउतार, हँडलला मध्यावर खाच लागत नसेल आणि नुसता ढिलेपणा असेल तरच पुढचं करा :

टाकीवर जाड चादर टाका. पाना घसरून टाकीला पोचा पडला, तर वाचलेले पैसे तिथेच जातील. हँडलबार वरच्या क्लॅम्पमधून सोडवून टाकीवर आडवा ठेवा. ब्रेकच्या तेलाची टाकी उलटी होऊ देऊ नका. उलटी झाली तर तेल सांडून रंग उडतो आणि लाइनमध्ये हवा जाते.

वरच्या टी-प्लेटचे शॉकअप आवळणारे दोन्ही बोल्ट ढिले करा. घरी करणारे लोक इथेच चुकतात. ते बोल्ट आवळलेले राहिले, तर प्लेट शॉकअपच्या नळ्यांना धरून बसते, खाली सरकत नाही, आणि तुम्हाला वाटतं नट घट्ट झाली. दोन दिवसांत पुन्हा 'टक्'. खालच्या टीचे बोल्ट मात्र मुळीच हलवू नका, शॉकअप त्यांच्यावरच उभे आहेत.

मग मधली मोठी नट ढिली करा, आणि खालची खाचांची नट हूक पान्याने किंचित, म्हणजे एका फेऱ्याच्या आठव्या भागाइतकी, आवळा. काही गाड्यांत दोन नटा आणि मधे वाकवलेल्या कानाचा वॉशर असतो. तिथे वरची आधी सोडा, वॉशरचे कान सरळ करा.

शॉकअप ढकलून बघा. खेळ गेला, की थांबा. 'आणखी थोडं, सेफ्टीला' असं करू नका.

आता मधली मोठी नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा आणि पुन्हा तपासा, कारण ती आवळताना टी-प्लेट खाली येते आणि बेअरिंगवर आणखी दाब पडतो. खालची नट सेट केली तेव्हा बरोबर असलेलं हँडल आता जड लागू शकतं. जड लागलं, तर परत सगळं सोडून खालची नट केसभर मागे घ्या. दोन-तीनदा असं करावं लागतं, त्याला इलाज नाही. शेवटी टी-प्लेटचे शॉकअपवाले बोल्ट.

शेवटची परीक्षा : चाक हवेत, हँडल सरळ, एका बोटाने किंचित ढकला. ते आपोआप, स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत पडलं पाहिजे. दोन्हीकडे बघा, कारण क्लच-अॅक्सिलरेटरच्या केबल एका बाजूला जरा अडवतात. पडतच नसेल, तर जास्त आवळलंय. आपटून पडत असेल आणि खेळही असेल, तर ढिलं.

विनू७७

काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये स्प्रिंग काट्याने ओढून मोजायला सांगतात ना?

जुना_फिटर

हो. शॉकअपला काट्याचा हूक अडकवून, हँडल सरळ ठेवून काटकोनात ओढायचं, हलायला लागलं की वाचायचं. किती किलो, ते गाडीगणिक वेगळं, म्हणून मी आकडा देत नाही. मासे-भाजीवाल्याकडचा जुना स्प्रिंग काटाही चालतो. केबल आणि वायरिंगचा विरोध त्यात येऊ देऊ नका, नाहीतर मोजलं काय आणि नाही मोजलं काय.

निखिल_एनएस

माझ्याकडे साधी टेस्ट आहे. साठच्या स्पीडला अॅक्सिलरेटर सोडायचा, हँडलवरचे दोन्ही हात काढायचे. पंचेचाळीस-पन्नासला हँडल थरथरलं तर कोनसेट ढिला. इतकं सोपं आहे.

रेवा_नि

निखिल, असलं काही इथे लिहू नकोस प्लीज. कुणीतरी खरंच करेल.

जुना_फिटर

रेवाताईंशी सहमत. वेग उतरताना त्या टप्प्यात हँडल थरथरतं, हे खरं आहे. पण त्याची कारणं बरीच असतात. पुढचा टायर ओळीने खवले पडल्यासारखा झिजलेला, हवा कमी, चाकाचा बॅलन्स नाही, मागे टॉप बॉक्समध्ये वजन, मागचं स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) बुश गेलेलं. कोनसेट त्यातलं एक. हात सोडून कारण कळत नाही, फक्त थरथर कळते, आणि ती वाढत गेली तर हँडल परत पकडायला वेळ मिळेलच असं नाही.

आणि एक सांगतो, हँडल जास्त आवळलं की ही थरथर दबते. मग लोक खूश होतात, 'बघा, गेलं!' आणि गाडी हळू चालवताना डोलायला लागते. कारण सरळ जाणारी गाडीसुद्धा सारखी किंचित डावी-उजवी होऊन स्वतःला सावरत असते. आवळलेल्या हँडलला ते जमत नाही, म्हणून तुम्हाला सावरावं लागतं.

निखिल_एनएस

ओके काका. मान्य. हलके घ्या.

सईची_आई

बाकीचं फारसं कळलं नाही, पण एक विचारते. आमच्या ह्यांनी परवा फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लोखंडी दांडा ठेवलाय. हात लावायचा नाही म्हणाले. ते हेच का?

कोल्हापुरी_लेथ

हेच, वहिनी. तो गाडीचा स्टेम आहे. थंड झाला की आकसतो, मग नवीन बेअरिंग गरम करून त्याच्यावर सरकवतात. दांड्याला ग्रीस लागलेलं असेल, तर मटार धुवून घ्या.

ह्यांना सांगा, बेअरिंग गॅसवर थेट धरू नका. १२० अंशांच्या आत ठेवायचं, नाहीतर पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कठीणपणा जातो. आणि त्याच्या खालचं धूळरबर आधी स्टेमवर घालायला विसरू नका. विसरलात, तर तेच बेअरिंग पुन्हा कापून काढायचं.

सईची_आई

मटार टाकून दिले.

घाटउतार

मंडळी, रविवारी केलं तपासून. बायकोने मागे धरलं, मी पुढे. निकाल :

खेळ आहे, थोडा. बोट ठेवल्यावर स्पष्ट कळतो. शॉकअपच्या बुशपाशी काही नाही, चाकही नीट. आणि हँडल सावकाश फिरवलं तर मध्यावर खाच आहे. फार नाही, पण डोळे मिटून फिरवलं तर नक्की सांगता येतं. म्हणजे दोन्ही.

वरचं नट किंचित आवळलं तर चालेल का काही महिने? की सरळ बदलू? आणि बदलायचाच असेल तर गोळ्यांऐवजी टेपर रोलर (निमुळत्या रोलरचं बेअरिंग) टाकावा असं एका मित्राने सुचवलंय.

जुना_फिटर

बदला. आता आवळलंत, तर मध्यावरचा खेळ जाईल, पण खळग्यातून बाहेर येताना हँडल घट्ट होईल. म्हणजे वळणावर जड आणि सरळ रेषेत अडकलेलं. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर नकोच ते.

रेवा_नि

टेपरबद्दल मीही ऐकून आहे. खरंच फरक पडतो का, की नुसती क्रेझ?

कोल्हापुरी_लेथ

पडतो. गोळी वाटीला एका टिंबावर टेकते, रोलर पूर्ण रेषेवर. भार पसरतो, खळगे पडायला खूप जास्त वेळ लागतो. पण 'आतला व्यास जुळला, घेऊन टाका' असं होत नाही. उदाहरणार्थ बेअरिंग नंबर ३२००५ आतून २५, बाहेरून ४७, उंची १५ मिमी. ३२००६ आतून ३०, बाहेरून ५५, उंची १७. फ्रेमच्या नळीत जुनी वाटी काढल्यावर किती व्यास राहतो, ते कॅलिपरने मोजा. आणि उंची बघायला विसरू नका. टेपर जुन्या सेटपेक्षा बुटकं असेल, तर टी-प्लेट फ्रेमला घासेल. उंच असेल, तर वरच्या नटेला आटे पुरणार नाहीत. मग मधे रिंगा करायला आमच्याकडे येतात लोक.

तुमच्या मॉडेलसाठी तयार टेपर किट मिळत असेल तरच जा. नाहीतर कंपनीचा गोळ्यांचा सेट, भरपूर ग्रीस, आणि मोकळे व्हा.

शंतनू_बी

गंमत म्हणजे मीही काल सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी गाडी उचलून बघितली. सर्व्हिस महिन्यापूर्वीच झाली आहे. खेळ आहे. टिकही आहे.

मंद्या_कोथरूड

शंतनूसाहेब, ह्या धाग्यावर स्वागत आहे. छिन्नी देऊ का?

किरण_सावंतवाडी

ग्रीस कोणतं? आमच्याकडे चार महिने पाऊस. गॅरेजवाला डब्यातलं पिवळं काहीतरी लावतो.

जुना_फिटर

चांगलं लिथियम ग्रीस, एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा) २ किंवा ३ दर्जाचं, पुरेसं आहे. पेट्रोल पंपावर मिळणारं एपी-३ सुद्धा चालतं. कोकणातल्या पावसाला कॅल्शियम सल्फोनेटवालं मिळालं तर उत्तम, पाण्याने सहज धुतलं जात नाही. डब्यात माती नको एवढं बघा. उघडा डबा, वर धूळ, त्यात बोट घालून लावायचं, हे गॅरेजमधलं नेहमीचं दृश्य.

आणि वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा, प्रेशरची नळी हँडलच्या मुळाशी आणि चाकाच्या मधोमध धरायची नाही. पाणी रबरातून आत जातं, ग्रीस बाहेर येतं.

गोळ्या सुट्या असतील, तर वाटी ठासून भरू नका. एका गोळीएवढी जागा मोकळी राहते, ती राहू द्या. ती रिकामी जागा बघून 'एक गोळी कमी आहे' म्हणून बाहेरून आणून घालणारे मिस्त्री आहेत. काढताना खाली पांढरा कपडा अंथरा आणि वरच्या किती, खालच्या किती, ते वेगवेगळं मोजून ठेवा.

घाटउतार

ठरलं. साध्या गोळ्यांचा सेट आणलाय, वर-खाली दोन्ही वाट्या, कोन, रबर. मोठी अडचण आता फ्रेममधल्या जुन्या वाट्या काढायची. खालच्या वाटीला आतून धरायला कडाच दिसत नाही. कशाने ठोकू?

कोल्हापुरी_लेथ

वरून लांब सळई सोडा, बारा मिमीची तरी हवी, आणि टोक ग्राइंडरवर चौकोनी धारदार करून घ्या. टॉर्च मारून बघा, वाटीच्या वर फ्रेमच्या आत बोटाच्या नखाएवढी कड दिसेलच. कधी ती ग्रीसखाली दडलेली असते, रॉकेलने पुसा. एक फटका डावीकडे, एक उजवीकडे, असं आलटून-पालटून. एकाच बाजूला ठोकलंत, तर वाटी तिरकी होऊन नळीत अडकते आणि नळी ओवल होते.

कड नसेलच, तर वेल्डिंगवाल्याकडे जा. वाटीच्या आतून गोल टाका मारला, की निवताना ती आकसते आणि जवळजवळ हातात येते. बॅटरीचं कनेक्शन आधी काढा, गाडीला ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आहे.

नवीन बसवताना हातोडी नको. लांब आट्यांची सळई, दोन्ही टोकांना जाड वॉशर आणि नट, पान्याने हळूहळू ओढून आत घ्या. वॉशर वाटीच्या बाहेरच्या कडेवर टेकला पाहिजे, गोळ्या फिरतात त्या जागेवर नाही. जुनी वाटी फेकू नका, ग्राइंडरवर जरा घासून तीच मधे धरा. तळाला टेकली, की आवाज बदलतो, पान्यालाही कळतं.

जुना_फिटर

आणि बसवल्यावर पाचशे-एक किलोमीटरनंतर पुन्हा गाडी उचला. नवीन वाट्या जागेवर बसतात, थोडा खेळ येतोच. तेव्हा खालची नट पुन्हा बघा. टी-प्लेटचे ते दोन बोल्ट आधी ढिले करून, बरं का.

सुहास_ठाणे

उशिरा आलो. स्कूटरलाही हेच लागू का? माझ्या स्कूटरला पुढून आवाज येतो, पण पुढचा पॅनेल काढल्याशिवाय नट दिसतच नाही.

रेवा_नि

लागू आहे. माझ्या बहिणीच्या स्कूटरचं परवाच झालं. तपासायला पॅनेल काढायची गरज नाही, तसंच डबल स्टँडवर लावा, मागच्या बाजूला सीटवर कुणालातरी बसवा, म्हणजे पुढचं चाक उचलेल. पुढच्या अॅक्सलपाशी धरून ढकला. फक्त जिथे पुढे लिंकवालं सस्पेन्शन असतं, तिथे लिंकच्या बुशचा खेळ आधी तपासा. तो आवाज हुबेहूब कोनसेटसारखाच येतो. बहिणीच्या गाडीत तोच निघाला.